'बुल्टू' : मोबाइल आणि लॅपटॉप यांच्यातील बिनतारी दुवा

रायपूर : छत्तीसगडच्या ग्रामीण भागात 'बुल्टू' हा शब्द सर्रास कानावर पडतो. 'ब्लूटूथ'चे हे स्थानिक रूप. 'बुल्टू कर दे' म्हणजे तुझ्या मोबाइलमधील गाणे माझ्या मोबाइलमध्ये पाठव. इंटरनेट नसले तरी गाणी, लग्नाच्या चित्रफिती आणि नातेवाइकांचे निरोप या मार्गाने एका मोबाइलमधून दुसऱ्यात जातात. शहरातील लॅपटॉपधारकाला ब्लूटूथ आठवते ते कानातील हेडफोन जोडताना. येथे मात्र ब्लूटूथचा उपयोग एक प्रकारचे नभोवाणी केंद्र म्हणून करण्यात आला आणि त्याला नावही 'बुल्टू रेडिओ' असेच देण्यात आले.

या प्रयोगामागे 'सीजीनेट स्वर' ही संस्था आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये ही सेवा सुरू केली. तिचे तंत्र विकसित करण्यात मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे बिल थीस यांचे साहाय्य झाले. सेवेची पद्धत साधी आहे. ठरावीक क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा, संगणकाकडून उलट फोन येतो, एक आकडा दाबून आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करायचे आणि दुसरा आकडा दाबून इतरांचे ऐकायचे. रेशन मिळाले नाही, हातपंप बंद आहे, रोजगार हमीची मजुरी थकली आहे, अशा तक्रारी गोंडी, छत्तीसगढी किंवा हिंदीत नोंदवल्या जातात आणि पडताळणीनंतर सर्वांसाठी खुल्या होतात. या कार्याबद्दल २०१४ मध्ये 'इंडेक्स ऑन सेन्सॉरशिप' या संस्थेचा पुरस्कार चौधरी यांना मिळाला.

मोबाइलचाच आधार का घ्यावा लागला, याची कारणे स्पष्ट आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख आहे. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशा आणि आपल्या गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत ही भाषा बोलली जाते, तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही. शिवाय देशातील खासगी आणि सामुदायिक रेडिओ केंद्रांना स्वतःची वार्तापत्रे प्रसारित करण्याची मुभा नाही. उरला तो खिशातील मोबाइल. परंतु फोन करून ऐकण्यास खर्च येतो आणि अनेक वनग्रामांत फोन लागतच नाही. तेव्हा गावोगावचे ध्वनिमुद्रित निरोप संपादित करून त्यांचा एकत्रित कार्यक्रम तयार करायचा, जेथे इंटरनेट आहे अशा ग्रामपंचायतीसारख्या ठिकाणी तो उतरवून घ्यायचा आणि तेथून ब्लूटूथने मोबाइलवर द्यायचा, ही कल्पना पुढे आली. तो मोबाइल आठवडी बाजारात गेला की कार्यक्रम पुढच्या गावी पोहोचतो.

या साखळीतील पहिला दुवा संगणकावरून मोबाइलवर फाइल पाठवण्याचा आहे. नेमका तोच अनेकांना जमत नाही. पुण्या-नागपुरातील सुशिक्षित वाचकही 'माझ्या लॅपटॉपला मोबाइल दिसतो, पण फाइल जात नाही' अशी तक्रार करताना आढळतात. त्यामुळे हे तंत्र थोडे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

ब्लूटूथच्या संशोधनास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये आरंभ झाला. मोबाइल आणि त्याची साधने यांच्यातील तारा काढून टाकणे, एवढाच मूळ हेतू होता. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, आयबीएम, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याचे समान मानक ठरवण्यासाठी गट स्थापन केला. नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड 'ब्लूटूथ' याच्यावरून घेण्यात आले. विखुरलेल्या टोळ्यांना त्याने एकत्र आणले, तसे हे तंत्र उपकरणांना एकत्र आणील, असा त्यामागे विचार होता. त्या राजाचे नाव बस्तरच्या बाजारात 'बुल्टू' होऊन नांदेल, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसावे.

ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे वापरण्यास भारत सरकारने २००५ मध्ये परवान्यातून सूट दिली. त्यामुळे मोबाइलवरून फाइल देण्या-घेण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही आणि कोणत्याही कंपनीला पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र याच पट्ट्यात वाय-फाय आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनही असल्याने गर्दी मोठी असते. त्यातून वाट काढण्यासाठी नेहमीचे ब्लूटूथ ७९ उपपट्ट्यांमध्ये सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलते. मोबाइलमधील ब्लूटूथचा पल्ला साधारणपणे १० मीटरच्या आसपास धरावा. मध्ये भिंत किंवा माणसांची गर्दी आली की तो आणखी घटतो. मानवी शरीरात पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते.

आता फाइल न जाण्याचे कारण. ब्लूटूथमध्ये दोन गोष्टी वेगळ्या आहेत : ओळख आणि काम. लॅपटॉप व मोबाइल यांची एकदा जोडी जुळवणे, म्हणजेच 'पेअरिंग', ही केवळ ओळख झाली. दोन्ही पडद्यांवर सारखाच सहा आकडी क्रमांक आला की त्यास संमती द्यायची. जुन्या साध्या मोबाइलमध्ये त्याऐवजी ०००० किंवा १२३४ असा क्रमांक टाकावा लागतो. त्यानंतर कोणते काम करायचे, यासाठी ब्लूटूथमध्ये स्वतंत्र नियमावल्या आहेत. त्यांना 'प्रोफाइल' म्हणतात. गाणे ऐकण्याची वेगळी, संभाषणाची वेगळी, माउस-कीबोर्डची वेगळी आणि फाइल देण्याची वेगळी. दोन्ही उपकरणांत ती समान असेल तरच ते काम होते. आयफोनमध्ये इतर कंपन्यांच्या उपकरणांशी ब्लूटूथने फाइल देण्याची सोयच ठेवलेली नाही. त्यामुळे त्याची विंडोज लॅपटॉपशी ओळख जुळली, तरी छायाचित्र जात नाही. यात दोष लॅपटॉपचा नसतो.

विंडोज लॅपटॉपवरून अँड्रॉइड अथवा साध्या मोबाइलवर फाइल पाठवायची असल्यास पडद्याच्या खालच्या पट्टीतील ब्लूटूथच्या चिन्हावर उजवी कळ दाबून फाइल पाठवण्याचा पर्याय निवडावा, मोबाइलचे नाव निवडावे आणि मोबाइलवर संमती द्यावी. उलट दिशेने, म्हणजे मोबाइलवरून लॅपटॉपवर फाइल घेताना, बहुतेकांची चूक होते. लॅपटॉप आपणहून फाइल स्वीकारत नाही. त्याच चिन्हाखालील फाइल स्वीकारण्याची खिडकी आधी उघडून ठेवावी लागते आणि मगच मोबाइलवरून फाइल पाठवावी लागते. क्रम उलटा झाला की 'पाठवता आले नाही' असा संदेश येतो आणि माणूस पुन्हा पुन्हा पेअरिंग करत बसतो. ॲपलच्या लॅपटॉपमध्येही शेअरिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्लूटूथ शेअरिंग सुरू करावे लागते.

लॅपटॉप जुना असून त्यात ब्लूटूथच नसेल, तर यूएसबीच्या खाचेत बसणारा अंगठ्याच्या नखाएवढा डोंगल मिळतो. मात्र शेजारच्या खाचेत वेगवान यूएसबी-३ ची हार्ड डिस्क जोडलेली असल्यास ब्लूटूथ अडखळते, कारण त्या यूएसबीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निर्माण होतो. हीच गोष्ट बिनतारी माउसचीही. माउस अडकू लागला की अनेक जण त्याचे सेल बदलतात. आधी डोंगल दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावून पाहावा.

वेगाचा हिशेब मांडला की 'बुल्टू रेडिओ'ची कल्पना व्यवहार्य का होती, हे लक्षात येते. २००४ मधील ब्लूटूथ २.० पासून कागदोपत्री वेग सेकंदाला ३ मेगाबिट झाला. प्रत्यक्षात दीड ते दोन मेगाबिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.२ मेगाबाइट मिळतात. एका गिगाबाइटचा चित्रपट या वेगाने पाठवायचा तर जवळपास दीड तास लागेल. परंतु मानवी आवाजास एवढी जागा लागत नाही. ६४ किलोबिटच्या एमपी-थ्री स्वरूपात दहा मिनिटांचा कार्यक्रम सुमारे ४.८ मेगाबाइटचा होतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत मोबाइलवर उतरतो. ओळख जुळवण्याचा वेळ धरून प्रत्येक देवाणघेवाणीस दोन मिनिटे लागली आणि ज्याला कार्यक्रम मिळाला त्याने तो लगेच पुढे दिला, तर पहिल्या फेरीनंतर एक, दुसऱ्या फेरीनंतर तीन, याप्रमाणे पाचव्या फेरीअखेर, म्हणजे दहा मिनिटांत, ३१ मोबाइलवर तो पोहोचलेला असतो. एकट्या लॅपटॉपने रांग लावून हेच काम केले असते, तर तासाहून अधिक वेळ लागला असता.

मोठ्या फाइलींसाठी आता वेगळी साधने आहेत. 'क्विक शेअर'सारख्या सोयी ब्लूटूथचा उपयोग फक्त जवळचे उपकरण शोधण्यासाठी करतात आणि प्रत्यक्ष मजकूर वाय-फायच्या लहरींवरून पाठवतात. त्यासही इंटरनेट लागत नाही. पण दोन्हीकडे स्मार्टफोन अथवा नवा लॅपटॉप असावा लागतो. छत्तीसगड सरकारने २०१८ मध्ये 'संचार क्रांती योजने'खाली महिलांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्मार्टफोन वाटले. तरीही बटणांचे मोबाइल हातांतून गेलेले नाहीत आणि त्यांना साधे ब्लूटूथच कळते.

कार्यक्रम तयार करणाऱ्या व्यक्तीने लॅपटॉपला ब्लूटूथ हेडफोन जोडल्यास आणखी एक अडचण समोर येते. हेडफोनमध्ये गाणे उत्तम ऐकू येते. पण त्याचाच माइक सुरू केला की आवाज एकाएकी जुन्या टेलिफोनसारखा दबलेला येतो. येथेही कारण प्रोफाइलचे आहे. गाण्याची नियमावली एकाच दिशेने, दोन्ही कानांना वेगवेगळा ध्वनी पाठवते. संभाषणाच्या नियमावलीत दोन्ही दिशांना ध्वनी जावा लागत असल्याने त्याची प्रत उतरवली जाते. हेडफोन बिघडला असे समजून दुकानात जाण्याची गरज नाही. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा अंगचा माइक निवडावा. २०२० मध्ये 'एलई ऑडिओ' नावाचे नवे मानक आले असून त्यात ही अडचण बरीच दूर होते, पण त्यासाठी लॅपटॉप आणि हेडफोन दोन्ही त्या मानकाचे हवेत. संपादनाचे काम करणाऱ्यांनी तर तारेचाच हेडफोन वापरावा, असे आमचे मत आहे. ब्लूटूथमध्ये ध्वनी एक-दोन दशांश सेकंदांनी उशिरा पोहोचतो आणि शब्द कोठे कापायचा याचा अंदाज चुकतो.

सुरक्षिततेचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. २००४ मध्ये 'कॅबिर' नावाचा किडा ब्लूटूथवरूनच एका मोबाइलमधून दुसऱ्यात शिरत असे, आणि तोही मोबाइलधारकाने 'होय' म्हटल्यावर. २०१७ मध्ये उघडकीस आलेल्या 'ब्लूबॉर्न' या त्रुटींमध्ये तर संमतीचीही गरज नव्हती. कंपन्यांनी त्या दुरुस्त केल्या, परंतु अद्ययावत न केलेल्या जुन्या उपकरणांत त्या तशाच राहतात. म्हणून काम संपल्यावर ब्लूटूथ बंद करावे आणि अनोळखी नावाकडून आलेली विनंती नाकारावी. लॅपटॉप जोडताना मोबाइल संपर्क-यादी देण्याची परवानगी मागतो. केवळ फाइल द्यायची असल्यास ती देण्याचे कारण नाही. पंचायतीतील किंवा सायबर कॅफेतील सार्वजनिक संगणकावर काम झाल्यानंतर आपल्या मोबाइलचे नाव त्याच्या यादीतून काढून टाकावे. तक्रारी नोंदवणाऱ्यांच्या बाबतीत ही काळजी अधिक महत्त्वाची आहे, कारण कोणाचा मोबाइल त्या संगणकाशी जोडला गेला होता, याची ती नोंदच असते.

पुढील काळात या कामाला रायपूरची साथ मिळाली. नवा रायपूर येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि सीजीनेट स्वर यांच्या सहकार्यातून गोंडी मजकूर आवाजात वाचून दाखवणारे 'आदिवासी रेडिओ' हे ॲप तयार झाले. ते स्मार्टफोनसाठी आहे. बटणांच्या मोबाइलपर्यंत पोहोचायचे तर तयार ध्वनिफीतच द्यावी लागते.

अशी फीत देताना दोन बारीक गोष्टी सांभाळाव्यात. व्हॉट्सॲपवरील ध्वनिसंदेश ओपस स्वरूपात असतात आणि साध्या मोबाइलवर ते सहसा वाजत नाहीत. ऑडॅसिटी किंवा व्हीएलसी यांसारख्या मोफत प्रणालींतून त्यांचे एमपी-थ्री करून घ्यावे. दुसरे, काही स्वस्त मोबाइलवर फाइलचे देवनागरी नाव चौकोनी खोक्यांच्या रूपात दिसते आणि आजची फीत कोणती, गेल्या आठवड्याची कोणती, हे कळेनासे होते. त्यासाठी फाइलला नुसत्या आकड्यांत तारीख द्यावी आणि ध्वनिमुद्रणाच्या पहिल्याच वाक्यात गावाचे नाव व तारीख बोलून घ्यावी.