लोबेरा कोणाचा?

आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये तीन विषयांवर हमखास भांडणं होतात : मेसची डाळ, टी.व्ही.चा रिमोट आणि सेर्जिओ लोबेरा. पहिल्या दोन विषयांवर आजवर भरपूर शाई (आणि डाळ) सांडून झाली आहे. तिसऱ्याबद्दल मात्र ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यांची पंचाईत होते. आमच्या रेक्टरसरांनीच मागे एकदा रात्री साडेअकराला आरडाओरडा ऐकून दार उघडलं आणि विचारलं, "हा लोबेरा कुठल्या ब्रँचचा?" त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हा खटाटोप.

आता बोरीवलीत बसून एका स्पॅनिश माणसावरून भांडायचं कारण काय? कारण भूगोल! एका बाजूला आय.सी. कॉलनी. तिथे मूळच्या गोव्याच्या कितीतरी कुटुंबांची घरं आहेत. दुसऱ्या बाजूला अंधेरी, म्हणजे स्लो लोकलने इथून सहावं स्टेशन. तिथल्या क्रीडासंकुलातलं मैदान हे मुंबई सिटीचं घरचं मैदान. आणि मधे आमचं हॉस्टेल, ज्यात कल्याण-डोंबिवलीपासून मडगाव-फोंड्यापर्यंतची पोरं कोंबलेली! माझी अवस्था तर आणखीच बिकट. मी सावंतवाडीचा. कागदोपत्री महाराष्ट्राचा, पण शाळेत असताना मामाबरोबर कोकण रेल्वेने मडगावला जाऊन फातोर्ड्याच्या मैदानावर एफ.सी. गोवाचे सामने बघितलेला. रूम-पार्टनर मडगावचा, तो लोबेराचं नाव निघालं की पंखा फुल्ल करतो. समोरच्या रूममधला ठाण्याचा, त्याच्या कपाटावर आत लोबेराचा फोटो चिकटवलेला आहे. मी मधल्या पॅसेजमध्ये.

तर हा लोबेरा १९७७ साली स्पेनमधल्या झारागोझात जन्मला. बार्सिलोना क्लबच्या तरुण संघांना त्याने शिकवलं, मग स्पेनमध्ये लास पाल्मास आणि मोरोक्कोत तेतुआनच्या संघाचा प्रशिक्षक झाला आणि २०१७ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये एफ.सी. गोवाकडे आला. आपल्याकडे पदाचं नाव 'हेड कोच' असलं तरी त्याचं काम इंग्लंडमधल्या जुन्या 'मॅनेजर'सारखंच होतं. संघ कसा खेळणार हे तर तो ठरवणारच, पण कोणता परदेशी खेळाडू हवा यातही त्याच्या शब्दाला वजन. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं रामायण यावरूनच घडतं.

त्याने गोव्यात नेमकं काय केलं, हे समजायला थोडं ड्रॉइंग डोळ्यांसमोर आणावं लागेल. तोपर्यंत आपल्याकडचे बरेचसे संघ गोलरक्षकाने लांब लाथ मारावी आणि पुढच्याने डोकं लावावं अशा पद्धतीचे. लोबेराचा गोलरक्षक चेंडू जवळच्याला द्यायचा. दोन मधले बचावपटू दोन्ही बाजूंना फाकायचे आणि त्यांच्या मधे वरून खाली यायचा मोरोक्कोचा अहमद जाहू. म्हणजे मागे झाले तीन. त्यामुळे दोन्ही बाजूंचे फुलबॅक बिनधास्त वर निघून जायचे आणि कडेने खेळणारे विंगर आत सरकायचे. आता प्रतिस्पर्ध्याने करायचं काय? जाहूला पकडायला एक माणूस पुढे गेला, की त्याच्या मागची जागा मोकळी. नाही गेला, तर जाहू मान वर करून, सावकाश, पन्नास पावलांवरच्या सहकाऱ्याच्या पायात चेंडू नेऊन ठेवणार. म्हणजे काहीही केलं तरी तुमचं एक समीकरण सुटत नाही! समोर गोल करायला स्पेनचा कोरो होताच. पहिल्या मोसमात १८ आणि दुसऱ्यात १६ गोल, दोन्ही वर्षं लीगमध्ये सगळ्यांत जास्त.

याची किंमतही होती. सगळे वर गेले की मागे मैदान ओसाड. २०१७-१८ च्या साखळीत गोव्याने १८ सामन्यांत ४२ गोल केले आणि २८ खाल्ले. माझा मामा म्हणायचा, गोव्याची मॅच बघायची तर रक्तदाबाची गोळी आधी घ्यावी. पण तो प्रत्येक मॅचला जायचा, हेही खरं.

आता तारखा नीट बघा, कारण भांडणात सगळे त्याच फेकून मारतात.

९ मार्च २०१९, अंधेरी. उपान्त्य फेरीच्या पहिल्या सामन्यात लोबेराच्या गोव्याने मुंबईला मुंबईत ५-१ ने धुतलं. आठ दिवसांनी, १७ मार्चला, अंतिम सामनाही अंधेरीलाच, बंगळुरूविरुद्ध. नव्वद मिनिटं गोलशून्य. जादा वेळेत जाहूला लाल कार्ड. आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून राहुल भेकेने हेडरने गोल मारला. भेके आपल्या मुंबईचाच पोरगा! गोवा ०-१ ने हरलं. पुढच्या महिन्यात भुवनेश्वरला चेन्नईयिनला २-१ ने हरवून गोव्याने सुपर कप जिंकला, लोबेराच्या हाताखालचा गोव्याचा पहिला करंडक. पण ती ११७ व्या मिनिटाची सल काही गेली नाही.

मग ३१ जानेवारी २०२०. गोवा गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर, साखळीचे तीन सामने बाकी, आणि क्लबने लोबेराला नारळ दिला! पहिल्या नंबरवरच्या संघाचा प्रशिक्षक काढल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? कारणांबद्दल तेव्हा पुष्कळ कुजबुज झाली, त्यात मी शिरत नाही. उरलेल्या तीन सामन्यांसाठी संघ क्लिफर्ड मिरांडाकडे आला. गोव्याचाच माणूस, स्वतः भारताकडून खेळलेला. गोव्याने हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२ आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-० ने हरवलं आणि लीग विनर्स शिल्ड जिंकली.

ही शिल्ड म्हणजे काय, ते इथेच सांगतो. आपल्या भाषेत, साखळी म्हणजे टर्मवर्क आणि प्ले-ऑफ म्हणजे एक्स्टर्नलची व्हायवा. वर्षभर नियमित सबमिशन करणाऱ्याला शिल्ड, शेवटच्या दोन आठवड्यांत एक्स्टर्नलला खूश करणाऱ्याला कप. २०१९-२० पूर्वी टर्मवर्कला बक्षीसच नव्हतं. त्या वर्षीपासून शिल्ड सुरू झाली आणि जिंकणाऱ्याला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळाला. तिथे पोचणारा पहिला भारतीय क्लब म्हणजे गोवा. त्या साखळीत त्यांचे ४६ गोल झाले. व्हायवात मात्र पुन्हा दांडी : उपान्त्य फेरीत चेन्नईयिनकडून दोन सामने मिळून ५-६ ने हार.

आणि आता रूम-पार्टनर पंखा फुल्ल करतो तो भाग. २०१९ च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतला होता. २०२० मध्ये लोबेरा मुंबईचा प्रशिक्षक झाला. त्याच मोसमात गोव्यातून मुंबईत आले अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू आणि मंदार राव देसाई. पहिले तिघे परदेशी, आज इथे उद्या तिथे. पण मंदार! म्हापशाचा, पहिल्या मोसमापासून सहा वर्षं गोव्याकडून खेळलेला, कप्तान राहिलेला. "घरातली माणसं घेऊन गेला रे," एवढंच माझा पार्टनर म्हणतो आणि पुढे बोलत नाही.

गंमत अशी, की करोनामुळे तो अख्खा मोसम गोव्यातल्याच तीन मैदानांवर झाला, रिकाम्या गॅलऱ्यांपुढे. मुंबईने साखळीत २० सामन्यांत ३५ गोल केले आणि फक्त १८ खाल्ले (मामाची गोळी बंद!). शेवटच्या दिवशी एटीके मोहन बागानला २-० ने हरवून ४०-४० अशी गुणांची बरोबरी साधली आणि आपसांतल्या निकालांवर शिल्ड नेली. उपान्त्य फेरीत गाठ कोणाशी? गोव्याशी! दोन्ही सामने बरोबरीत, पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबई ६-५. आणि १३ मार्च २०२१ ला पुन्हा मोहन बागान, १-१ अशी बरोबरी असताना ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. एकाच मोसमात शिल्ड आणि कप जिंकणारा मुंबई हा पहिला संघ ठरला.

म्हणजे बघा, हा माणूस गोव्याचा असताना कप हरला तो अंधेरीत आणि मुंबईचा असताना कप जिंकला तो फातोर्ड्याला.

तुम्हाला वाटेल, मग मुंबईवाल्यांनी तरी त्याला डोक्यावर घ्यावं. समोरच्या रूममधला घेतो. पण आमच्या वर्कशॉपमधले एक सर, जे पहिल्या मोसमापासून मुंबई सिटीचे सामने बघताहेत, त्यांचं मत अगदी वेगळं. मी एकदा विचारलं, "सर, तुमच्या क्लबला दोन्ही मिळवून दिली त्याने, तरी तुम्ही गप्प का?" सर म्हणाले, "अरे, लग्न झालं म्हणे आमच्या घरात, पण आम्हाला आमंत्रण नव्हतं." खरंच आहे ते. लोबेरा एकच मोसम राहिला आणि २०२१ मध्ये गेला. मुंबईचा प्रशिक्षक म्हणून तो अंधेरीत एकही सामना खेळवू शकला नाही. मुंबईकरांनी त्याचे विजय आपल्या मैदानावर डोळ्यांनी बघितले, ५-१ चा धरून, पण ते मुंबईच्याच विरुद्ध!

'गद्दार' हा शब्द या भांडणात फार सहज येतो. तो जगभर येतो. होजे मोरिन्यो चेल्सीला तीनदा इंग्लंडचं विजेतेपद मिळवून देऊन मग मँचेस्टर युनायटेडला गेला. २०१७ च्या मार्चमध्ये तो चेल्सीच्या मैदानावर आला तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी त्याला 'जुडास' म्हणून हिणवलं. त्याने उत्तरादाखल तीन बोटं वर केली. पण हा शब्द लोबेराला लागू पडत नाही, असं मला वाटतं. ज्याला तुम्हीच काढून टाकलंत, तो दुसरीकडे नोकरीला लागला तर गद्दार कसा? कॅम्पसमध्ये एका कंपनीने नाकारलं म्हणून आपण काय घरी बसतो? आणि खेळाडूंना पोत्यात घालून कोणी नेत नाही. त्यांचे करार असतात, पैसे मोजले जातात, सह्या होतात. मंदारने सही स्वतःच्या हाताने केली.

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती माझ्या दोन्ही बाजूंच्या रूमना पसंत नाही. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक हुशार पोरगा असतो. सगळा कोड तोच लिहितो, डेमो फक्कड होतो, सर खूश. पण कोड त्याच्या पेनड्राइव्हमध्ये, एका ओळीला कॉमेंट नाही. तो ग्रुप सोडून गेला, की बाकीचे तिघे कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसतात. लोबेराचा पेनड्राइव्ह म्हणजे जाहू आणि फॉल. गोव्यात ते दोघे, मुंबईत ते दोघे, आणि २०२३ मध्ये तो ओडिशाला गेला तर तिथेही ते दोघे! त्याची पद्धत थोर, पण ती फळ्यावर कमी आणि जाहूच्या पायात जास्त. तो गेल्यावर लगेचच्या मोसमात, २०२१-२२ मध्ये, मुंबई पाचवी आली, आणि जाहू-फॉल तर तेव्हा मुंबईतच होते. म्हणजे पेनड्राइव्ह मागे राहिला, तरी तो उघडायला लोबेराच लागत होता. डेस बकिंगहॅमने त्याला स्वतःची भर घातली तेव्हा कुठे २०२२-२३ ला मुंबईने पुन्हा शिल्ड जिंकली.

यावर समोरच्या रूममधला म्हणतो, "आणि बिपिन?" इथे मला गप्प बसावं लागतं. बिपिन सिंग लोबेराच्या आधीपासून मुंबईत होता, पण त्याच्याकडे मान वळवून कोणी बघत नव्हतं. त्या मोसमात त्याने ओडिशाविरुद्ध हॅट्ट्रिक मारली, अंतिम सामन्याचा गोल मारला आणि पुढे कितीतरी वर्षं तो मुंबईच्या डाव्या बाजूचा मालक होता. मंदारचंही तसंच. तो मुळात डाव्या कडेचा विंगर, वय वाढत चाललेलं. लोबेराने गोव्यात असतानाच त्याला मागे फुलबॅक केलं आणि तिथून त्याला नवी कारकीर्द मिळाली, भारताकडूनही तो त्या जागी खेळला. हे पेनड्राइव्हवालं काम नव्हे. हे शिकवणं झालं.

पार्टनरला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग त्याचा उपयोग मुंबईलाच झाला ना?" झाला. तेही खरं.

या सगळ्या आरडाओरड्यात एका माणसाचं नाव कोणीच घेत नाही : क्लिफर्ड मिरांडा. घर पेटलेलं असताना त्याने ते तीन सामने सांभाळले. तीन सामन्यांत चौदा गोल, पहिली शिल्ड, आशियाई प्रवेश. लोबेराचे भक्त म्हणतात, संघ लोबेराचाच होता. लोबेराचे विरोधक म्हणतात, बघा, त्याच्याशिवायही जिंकलो. दोघांच्याही वाक्यांत क्लिफर्ड नाही! पुढे २०२३ मध्ये तो ओडिशाचा हंगामी प्रशिक्षक झाला आणि बंगळुरूला २-१ ने हरवून त्याने त्यांना सुपर कप जिंकून दिला. त्या उन्हाळ्यात ओडिशाने कायमचा प्रशिक्षक नेमला. कोण, ते आता सांगायला नकोच.

परवा रात्री हे मी पॅसेजमध्ये उभा राहून दोन्ही रूमना ऐकवलं. दोन मिनिटं शांतता होती. मग ठाण्याचा म्हणाला की क्लिफर्डचा फोटो मिळाला तर लावू, कपाटाचं दुसरं दार रिकामंच आहे. मडगावचा म्हणाला, "तो आमचा आहे, तुझ्या कपाटावर कशाला?" आणि भांडण परत सुरू झालं. रेक्टरसर, त्या रात्रीचा आवाज तो होता.