ध्वजदिनाचा डबा आणि सैनिकाघरचा ऊस



दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो, तो नेमका गळिताच्या धांदलीत. कुणाच्या फडात तोड चालू, कुणाची गाडी काट्यावर उभी. अशात शाळेची पोरं येतात, छातीला कागदी झेंडा लावतात, आपण डब्यात नोट टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. ही नोट पुढं जाते कुठं, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नाही. म्हणून आज तेवढाच विषय घेतो.

२८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीनं ठरवलं, की ७ डिसेंबरला लोकांना झेंडे वाटावेत आणि सैनिकांसाठी निधी गोळा करावा. झेंड्यावरचा तांबडा रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि आकाशी हवाई दलाचा. पूर्वी असे निधी वेगवेगळे होते. १९९३ साली त्यांतले प्रमुख एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला. केंद्रीय सैनिक बोर्ड त्याचा कारभार बघतं. आपल्या जिल्ह्यात हे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडं असतं.

या पैशातून गरजू माजी सैनिकांना आणि वीरपत्नींना मदत मिळते. मुलांचं शिक्षण, मुलीचं लग्न, आजारपण अशा वेळी अर्ज करता येतो. कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे, त्यालाही या निधीचा हातभार लागतो. देणारा घेणाऱ्याला ओळखत नाही, घेणाऱ्याला देणाऱ्याचं नाव कळत नाही. तरी उपकाराची जाणीव पोचते. ही या डब्याची थोरवी.

आपल्या भागाला हे परकं नाही. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला लोक सैनिक टाकळी म्हणतात. म्हणजे उसाच्या पट्ट्यातलीच ही घरं. बांधाला बांध लागून असलेली.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. जवान गेला की गाव लोटतं. हार होतात, भाषणं होतात. वर्ष सरतं, आणि मग त्या घरच्या बाईला एकटीनं तलाठ्याकडं, बँकेत, गट ऑफिसात हेलपाटे घालावे लागतात. उसाला तुरा येतो, वजन घटतं, तरी तोडीचा पत्ता नसतो. तिथं आपली कृतज्ञता कसाला लागते.

तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. जमिनीच्या वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं द्यायची असते. शेअरचं म्हणाल, तर सहकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणं सभासदाच्या पश्चात हितसंबंध नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे होतो. म्हणून ज्यांची मुलं फौजेत आहेत आणि ज्या जवानांच्या नावे शेअर आहे, त्यांनी नामनिर्देशन आजच तपासून घ्यावं. नोकरीवर असलेल्या जवानावर जमिनीचा दावा लागला, तर १९२५ च्या भारतीय सैनिक (दावे) कायद्यानं त्याला संरक्षण आहे. तो हद्दीवर आहे म्हणून त्याच्या माघारी एकतर्फी निकाल लागू नये, हा त्याचा हेतू. हे शेजाऱ्यानं त्याच्या म्हाताऱ्या आईबापाला सांगितलं, तर केवढा धीर येईल बघा.

या घरांना कुणाची पाळी मोडून पुढं जायचं नसतं. आपली पाळी चुकू नये, एवढंच त्यांचं मागणं. ऊस नोंद वेळेत झाली का, पाण्याची पाळी मिळाली का, मुकादम फडात पोचला का, एवढं आपण विचारलं तरी पुष्कळ झालं.

तेव्हा यंदा ७ डिसेंबरला डब्यात यथाशक्ती टाकाच. आणि त्याच आठवड्यात आपल्या गटातलं एक सैनिकाचं घर गाठा. ओळख नसली तरी चालेल. फक्त विचारा, 'वहिनी, कुठला कागद अडलाय का?'

जय जवान, जय किसान!