अंक, अक्षर आणि तारीख

संगणकांतील डेटाबेस म्हणजे अतिशय कडक शिस्तीची एक वहीच होय. तिच्या प्रत्येक रकान्याचा प्रकार आधींच ठरलेला असतो : कोठें पूर्णांक, कोठें तारीख, कोठें अक्षरें. ‘००४२’ ही खूण अक्षरांच्या रकान्यांत जशीच्या तशी राहते. संख्येच्या रकान्यांत गेली कीं तिचे ४२ होतात आणि पुढचीं दोन शून्यें कायमचीं नाहींशीं होतात. मग दोन भिन्न प्रकारांची गांठ पडली असतां यंत्रानें आपण होऊन रूपांतर करावें, कीं अडून बसावें? डेटाबेसच्या रचनाकारापुढील हा जुना पेंच आहे.

पोस्टग्रेएसक्यूएल या प्रसिद्ध प्रणालींत रूपांतराचे तीन दर्जे मानिले आहेत. लहान पूर्णांकाचा मोठा पूर्णांक करण्यांत कांहींच गमावत नाहीं. तें यंत्र न विचारतां करतें. अपूर्णांकाचा पूर्णांक मात्र रकान्यांत किंमत भरतांनाच आपोआप होतो. अक्षरांतून संख्या काढावयाची, तर लिहिणारानें स्पष्ट आज्ञा दिलीच पाहिजे.

ही शिस्त पूर्वीं इतकी कडक नव्हती. बहुतेक सर्व प्रकारांचीं अक्षरें आपोआप होत. समजा, कोणी विचारलें, ‘आजची तारीख २०१७-११-१७ हिच्या आधींची आहे काय?’ आणि तारखेभोंवतीं अवतरणचिन्हें घालावयाचें विसरला. यंत्र त्या आडव्या रेघांस वजाबाकी समजे व उत्तर काढी १९८९. पुढें आजची तारीख व १९८९ या दोहोंचीं अक्षरें करून तीं ताडून पाही. २००८ सालची कोणतीहि तारीख ‘२’ नें सुरू होणार, म्हणून उत्तर नेहमीं ‘नाहीं’ असेंच येई. आणि चूक झाली याचा कोणास पत्ताहि लागत नसे!

२००८ सालच्या ८.३ या आवृत्तीनें ही सवलत काढून घेतली. तेव्हां तिच्यावर विसंबून असलेले जुने कार्यक्रम अडले व ते दुरुस्त करण्याचे श्रम पडले. उलटपक्षीं, २००० सालीं अवतरलेल्या एसक्यूलाइटनें सढळपणाच पत्करला : पूर्णांकाच्या रकान्यांतहि शब्द राहूं शकतो. तथापि २०२१ सालीं तिनेंहि, ज्यांस हवी त्यांच्यासाठीं, कडक रकान्यांची सोय करून दिली.

तात्पर्य, अडून बसणारें यंत्र क्षणभर त्रास देतें खरें. पण न विचारतां चुकीचें उत्तर देणारें यंत्र आपल्या हिशेबावरचा विश्वासच पोखरून टाकतें. जेथें कांहींच गमावत नाहीं, तेथें यंत्रानें मुकाट्यानें रूपांतर करावें. जेथें अर्थ बदलण्याचा संभव आहे, तेथें मनुष्यास विचारावें, हेंच श्रेयस्कर.