दुःख आणि श्रद्धा : पंडिता रमाबाईंच्या चरित्रानिमित्त

देव जर दयाळू आहे, तर सज्जनांच्या वाट्यास दुःख का यावे? हा प्रश्न आमच्या नवागामातील कुटुंबांना परका नाही. १९९४ च्या प्लेगच्या साथीत सुरत सोडून गावी धाव घेतलेली, किंवा २००६ साली तापीच्या पुरात संसार वाहून गेलेला पाहिलेली माणसे आजही आपल्यांत आहेत. प्रत्येक धर्माने आपापल्या परीने या प्रश्नाचा विचार केला आहे. ख्रिस्ती धर्मात त्याचा विचार कसा होतो, हे एका मराठी स्त्रीच्या चरित्राच्या आधारे समजून घ्यावे, असा आमचा हेतू आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले व त्या माउलीने लेकीला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. पुढे दक्षिणेतील भीषण दुष्काळात अन्नाविना दशा झाली आणि वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक गेली. आईला स्मशानात नेण्यास पुरेसे खांदेकरीही मिळेनात. रमाबाई उंचीने ठेंगण्या. त्यांना तिरडीचा आपला भार खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. मागे उरलेली बहीणभावंडे पायपीट करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. परंतु १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला, आणि त्याच वर्षी विवाह झालेले पती बिपिनबिहारी १८८२ साली पटकीने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच पदरी उरली ती तान्ही मनोरमा.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. दुःखाने खचलेल्या बाईने कसलाही आधार धरला, असे कोणी म्हणेल. पण त्यांचे चरित्र वाचणाऱ्यास हे पटणार नाही. दीक्षेनंतरही तेथील गुरुजनांशी धर्मतत्त्वांवरून त्यांचा पत्रांतून वाद चालूच होता. न पटलेले सिद्धान्त केवळ आज्ञा म्हणून स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. आपल्याला धर्म आधी मिळाला, ख्रिस्त मात्र कित्येक वर्षांनी भेटला, अशा आशयाचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

मग हा विश्वास नेमका कशावर? येथे थोडे शास्त्राकडे वळू. बायबलात ईयोब नावाच्या सत्पुरुषाची कथा आहे. संपत्ती, मुलेबाळे, आरोग्य, सारे गेल्यावर मित्र समजूत घालण्यास येतात आणि तुझ्या पापाचेच हे फळ असले पाहिजे, असा युक्तिवाद करतात. ईयोब ते मानीत नाही. देवालाच जाब विचारतो. कथेच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबाच्या मित्रांवर! जन्मांधाच्या प्रसंगी येशूनेही, हे कोणाच्या पापाचे फळ, या प्रश्नातील कल्पनाच नाकारली आहे. दुःखितास दोषी ठरविण्याची सवय आपल्याही शेजारपाजारी कमी नाही, म्हणून हा भाग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा श्रद्धा म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे देवाजवळ केलेली तक्रारच आहे. मित्र लाजाराच्या कबरेपाशी येशू रडला, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. आमच्या घरच्या कोंकणीत आसवांना ‘दुकां’ म्हणतात. दुःख आणि अश्रू यांना आमच्या बोलीने वेगळे काढलेच नाही. वधस्तंभावर तर येशूनेही, देवाने आपल्याला का सोडले, असा आक्रोश केला. देव दुःखाच्या पलीकडे बसून ते पाहत नाही, तो त्यात उतरला आहे, हे ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म. दुःखाचे कारण तिला सांगता येते असे नाही. दुःखात सोबत कोणाची, एवढेच ती सांगते.

रमाबाईंनी ही सोबत इतरांपर्यंत नेली. १८८९ साली मुंबईत शारदासदन सुरू झाले; पुढे ते पुण्यास व नंतर केडगावास गेले. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १८९७ च्या सुमारास मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे जाऊन अनाथ मुली घेऊन आल्या. पुढे गुजरातेत ज्याला ‘छप्पनियो’ म्हणतात तो १८९९-१९०० चा दुष्काळ आला. त्या वेळी गुजरातेतूनही शेकडो मुली केडगावास पोहोचल्या आणि तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ज्या भुकेने आईबाप नेले, त्याच भुकेच्या दारी ही बाई पुनः पुनः गेली. केडगावी विहिरी खणल्या, शेती झाली, विणकाम चालले, छापखाना निघाला. प्रार्थना आणि कुदळ यांत त्यांना विरोध दिसत नसे.

तरी दुःखाने पाठ सोडली नाही. उतारवयात कानांनी साथ दिली नाही. ज्या मनोरमेवर संस्थेचा भार सोपवावयाचा, ती १९२१ च्या जुलैत वारली. त्या वेळी रमाबाई हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याच्या, वर्षानुवर्षे चाललेल्या कामात होत्या. सामान्य बायाबापड्यांना वाचता यावे म्हणून संस्कृतप्रचुर शब्द टाळावेत, असा त्यांचा कटाक्ष. संस्कृताच्या पंडितेने हे करावे, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. मुलीच्या मृत्यूनंतरही त्यांनी ते काम टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्यांचे संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. केडगावची संस्था आजही चालू आहे.