खाज, खाऊ आणि खानदान!

भोकरदन तालुक्यात, धावड्याकडे मिरचीची तोडणी सुरू झाली की हात भगभगतात, डोळ्यांत पाणी येतं, शिंका तर फुकटच! मग अख्ख्या शिवाराला मिरचीची अ‍ॅलर्जी? छे हो! मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या नसांना चाळवतं आणि मेंदूला वाटतं, चटका बसला. ही भानगड उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

अ‍ॅलर्जीचा खेळ वेगळा. तिथं निरुपद्रवी दूध, अंडं, शेंगदाणा शरीराला चक्क शत्रू वाटतो. आणि पुष्कळदा त्याआधीच बाळाच्या गालांवर, कोपरांच्या खाचेत एक्झिमा, म्हणजे इसब, हजेरी लावून गेलेला असतो. दोष कुणाचा? आईकडच्यांचा, बाबांकडच्यांचा, की हवापाण्याचा? भांडण नंतर, आधी गंमत वाचा!

डिट्टो कॉपी, पण...
एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर दुसऱ्याला किती वेळा असते, माहीत आहे का? अमेरिकेतल्या २००० सालच्या अभ्यासात उत्तर आलं सुमारे ६४ टक्के. वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या जुळ्यांत फक्त ७! म्हणजे खानदानाचा हात मोठा. पण जनुकं तीच असून उरलेले ३६ टक्के सुटले, त्याचं काय?

फाटकी जीन्स, फाटका जीन
जीन्स फाटकी असली तर फॅशन, जीन फाटका असला तर खाज! २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी फिलॅग्रिन नावाच्या जनुकातला बिघाड इसबाशी जोडून दाखवला. फिलॅग्रिन म्हणजे त्वचेच्या भिंतीचा गिलावा. तो पातळ पडला की ओल बाहेर जाते आणि नको ते पाहुणे आत येतात. युरोपात साधारण दहातल्या एकाकडे हा बिघाड असतो. सगळ्यांना इसब होतो का? मुळीच नाही!

रास्ता पेठ, वर्ल्ड फेमस!
मुलांच्या दमा-इसबाची जगभर मोजणी करणाऱ्या ‘आयझॅक’ पाहणीचे निकाल १९९८ मध्ये आले. ५६ देश, साडेचार लाखांहून जास्त मुलं. आणि केंद्रांच्या यादीत कोण? अकोला, बोरिवली, पुण्याची रास्ता पेठ आणि गोव्यातलं ओर्ली! पुढच्या फेरीत सहा-सात वर्षांच्या मुलांत इसबाचा सर्वांत कमी आकडा निघाला भारतातल्या एका केंद्रात, ०.९ टक्के. सर्वांत जास्त इक्वेडोरमध्ये, २२.५. तळाला राहून मान ताठ ठेवावी अशी ही दुर्मीळ स्पर्धा!

शाळेच्या डब्यातही तेच
२०२० मध्ये छापलेल्या एका तुलनेत कर्नाटकातल्या शाळकरी मुलांत बहुधा खरी म्हणावी अशी फूड अ‍ॅलर्जी होती ०.१४ टक्के. हाँगकाँगला? दीड टक्का. दहापट!

विमान बदललं, नशीब बदललं
फूड अ‍ॅलर्जीची राजधानी म्हणून कोणतं शहर गाजतं, माहीत आहे का? मेलबर्न! २०११ च्या अभ्यासात तिथल्या वर्षभराच्या दर दहा बाळांतल्या एकाहून जास्त बाळांना ती निघाली. त्याहून धक्कादायक म्हणजे पूर्व आशियातून आलेल्या आईबाबांच्या, पण ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या बाळांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या आईबाबांच्या बाळांपेक्षाही जास्त. जनुकं आजीआजोबांचीच, पत्ता तेवढा नवा!

शेंगदाण्याचा शहाणपणा
२००८ मध्ये लक्षात आलं, की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या दहापट आहे. इस्रायली बाळं पहिल्या वर्षातच ‘बांबा’ नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात! मग लंडनमध्ये ६४० जोखमीच्या बाळांवर प्रयोग झाला. २०१५ चा निकाल असा: लवकर शेंगदाणा खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी तब्बल ८० टक्क्यांनी कमी. ‘टाळा, टाळा’ म्हणणारे डॉक्टर एका रात्रीत ‘चारा, चारा’ म्हणू लागले.

साबणाने घातला घोळ
जपानमध्ये दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली, ती कशामुळे, माहीत आहे का? पोळीमुळे नव्हे, तोंड धुण्याच्या साबणामुळे! त्यात गव्हाचं प्रथिन होतं. इथंच सगळी गोम आहे: तोच पदार्थ पोटातून गेला तर शरीर त्याला बहुधा आपला म्हणतं, तडकलेल्या त्वचेतून शिरला तर परका. फिलॅग्रिनचा बिघाड असलेल्या मुलाच्या घरातल्या धुळीत शेंगदाण्याचा अंश जास्त असेल, तर अ‍ॅलर्जीचा धोकाही वाढतो. जीन आणि जागा, दोघांची युती!

वांग्याने वांधे
म्हैसूरमध्ये २००८ साली छापलेल्या पाहणीत ७४१ जणांना तपासलं. वांग्याला शरीराचा प्रतिसाद दिसला सुमारे ९ टक्के लोकांत, खरी अ‍ॅलर्जी मात्र ०.८ टक्क्यालाच. धडा? टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून भरीत लगेच बंद करायचं नसतं!

बोअरचं पाणी दोषी?
जड पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतो, असं ब्रिटनमधले अभ्यास सांगतात. मग इसब असलेल्या ३३६ मुलांच्या घरी पाणी हलकं करणारी यंत्रं बसवून पाहिली. फरक? शून्य! २०११ चा हा निकाल आहे, तेव्हा यंत्र विकणाऱ्याला पुढच्या वेळी नक्की सांगा.

शेंडेफळाची चंगळ
१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती चाळली. मोठी भावंडं जितकी जास्त, तितका इसब आणि नाकाची अ‍ॅलर्जी कमी! मेलबर्नमध्येही भावंडं किंवा घरात कुत्रा असलेल्या बाळांत अंड्याची अ‍ॅलर्जी कमी निघाली. ताईदादाचं शेंबडं नाक अगदीच वाया जात नाही तर!

जाता जाता
बाळाला इसब आहे म्हणून दूध-अंडं स्वतःच्या मनाने तोडू नका. खाज कमी ठेवा, त्वचा मऊ ठेवा. इसब जोरात असेल, तर पहिला शेंगदाणा डॉक्टरांना विचारून. तोही अख्खा कधीच नाही, घशात अडकतो. बारीक कूट पेजेत कालवून. खाल्ल्यावर ओठ सुजले, धाप लागली, तर घरगुती उपाय शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. सासर की माहेर हा वाद तिथून आल्यावर घाला. विज्ञानाने दोघांनाही थोडंथोडं दोषी धरलंय!