गुन्हा चालकाचा, हप्ता गाडीचा

नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा मागे टाकत दक्षिणेला गेलेला राष्ट्रीय महामार्ग 44 बेंगळुरू ओलांडतो आणि होसूरच्या वाटेवर बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतून जातो. रस्त्याच्या कडेने औषधांचे आणि यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत, बायोकॉन आहे, डॉ. देवी शेट्टी यांनी 2000 साली सुरू केलेले नारायण हृदयालय आहे. पाळी सुटली की कंपन्यांच्या बस, मालाचे टेम्पो, कॅब आणि दुचाक्या एकदमच रस्त्यावर येतात. तमिळनाडूकडे निघालेले ट्रकही त्याच गर्दीत असतात. या चालकांपैकी अनेकांच्या हातातली गाडी त्यांच्या मालकीची नसते. गाडी मालकाची, विमा मालकाच्या नावावर, हप्ताही मालकच भरणार.

यातला एखादा चालक दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, त्याला शिक्षा झाली आणि काही महिन्यांनी तो पुन्हा स्टिअरिंगवर बसला, तर त्याच्या त्या गुन्ह्याची नोंद विम्यात कुठे दिसते? भारतात या प्रश्नाचे उत्तर ‘कुठेच नाही’ असे आहे. ही उणीव कशी राहिली आणि ती कशी भरून काढता येईल, हे या लेखात पाहायचे आहे.

अमेरिकेतले हमीपत्र

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत अशा चालकाला एसआर-22 लागते. हे विमा कंपनीने राज्याच्या मोटार वाहन खात्याकडे थेट दाखल केलेले हमीपत्र असते. ‘या व्यक्तीकडे कायद्याने ठरवलेला किमान विमा आहे’ एवढेच त्यात सांगितलेले असते. नशेत वाहन चालवणे, विम्याशिवाय चालवणे, निलंबित लायसन्सवर चालवणे अशा गुन्ह्यांनंतर हे पत्र दाखल झाल्याखेरीज लायसन्स परत मिळत नाही. अनेक राज्यांत ते तीन वर्षे चालू ठेवावे लागते. मध्येच हप्ता थकून पॉलिसी बंद पडली, तर कंपनी खात्याला कळवते आणि लायसन्स पुन्हा निलंबित होते. फ्लोरिडा आणि व्हर्जिनिया या राज्यांत नशेच्या गुन्ह्यानंतर एफआर-44 मागतात. त्यात विम्याची किमान रक्कम नेहमीपेक्षा बरीच जास्त असते.

हे पत्र दाखल करण्याचे शुल्क किरकोळ असते. चालकाला खरा फटका बसतो तो वाढलेल्या हप्त्याचा, कारण आता कंपनी त्याला जास्त जोखमीचा ग्राहक धरते. काही कंपन्या त्याला दारातही उभे करत नाहीत. अशा नाकारलेल्या चालकांची कंपन्यांमध्ये वाटणी करून देणारी व्यवस्था कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी उभी केली आहे. स्वतःची गाडी नसलेल्या माणसालाही, तो चालक आहे म्हणून, त्याच्या नावाने एसआर-22 घेता येते. बोम्मसंद्रासारख्या ठिकाणाचा विचार करताना आपल्याला याच तरतुदीचा सर्वाधिक उपयोग आहे.

या पद्धतीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. अपघातानंतर आर्थिक कुवतीचा पुरावा मागणारा कायदा कनेटिकटने 1925 मध्ये केला. 1927 पासून मॅसॅच्युसेट्समध्ये प्रत्येक गाडीला विमा सक्तीचा झाला. ब्रिटनने 1930 च्या कायद्याने तीच सक्ती आणली. तिथे आज नशेत वाहन चालवल्याची नोंद लायसन्सवर 11 वर्षे राहते आणि फार मोठ्या प्रमाणात मद्य आढळलेल्या चालकाला वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नशेत वाहन चालवल्याबद्दल गेल्या पाच वर्षांत अटक झाली असेल, तर तेथील परराष्ट्र खात्याला व्हिसा रद्द करता येतो. 2015 पासून हे धोरण आहे आणि त्यासाठी न्यायालयात दोष सिद्ध व्हावाच लागतो असे नाही. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या तरुणाला एका रात्रीची बेफिकिरी विम्याच्या हप्त्यापेक्षा कितीतरी महाग पडू शकते.

आपला कायदा काय म्हणतो

आपल्याकडे 1939 च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण 1 जुलै 1946 पासून अमलात आले. आज 1988 च्या कायद्याचे कलम 146 सांगते की थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येणार नाही. ते मोडल्यास कलम 196 खाली पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना असल्याचे संसदेच्या स्थायी समितीसमोर आले आहे.

नशेसाठी कलम 185 आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले की गुन्हा होतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी 15,000 रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दोष सिद्ध झाल्यास कलम 20 प्रमाणे न्यायालयाने चालकाला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवायचे असते. शिवाय पोलिसांनी जप्त केलेले लायसन्स आरटीओकडे गेले, तर कलम 19 खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता येते आणि उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन्स हाती पडत नाही. अपात्र असताना गाडी चालवली, तर कलम 182 खाली वेगळा गुन्हा दाखल होतो.

कागदावर हा कायदा सौम्य नाही. पण शिक्षेची मुदत संपली की विम्याच्या दृष्टीने हा चालक आणि तीस वर्षांत एकही चलान न झालेला चालक एकाच रांगेत येतात. थर्ड पार्टी हप्ता सरकार ठरवते आणि तो खाजगी मोटारीच्या इंजिनाच्या आकारावर अवलंबून असतो. जून 2022 पासून 1,000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1,500 सीसीपर्यंत 3,416 रुपये आणि त्यापुढे 7,897 रुपये असे हे दर आहेत. त्यात चालकाच्या वर्तनाला जागा नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात नो क्लेम बोनस मिळतो, पण तोही क्लेम केला की नाही यावर ठरतो. वर्षभर नशेत गाडी हाकून, सुदैवाने कुठे न धडकलेल्या माणसालाही तो मिळतो.

कंपनी पैसे देते, मग वसूल करते

गुन्ह्याचा परिणाम विम्यावर होतो तो अपघात झाल्यानंतर. प्रत्येक मोटार पॉलिसीत चालकाविषयी एक अट छापलेली असते: गाडी चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स हवे आणि तो लायसन्ससाठी अपात्र ठरवलेला नसावा. ही अट मोडली तर कंपनीला बचाव मिळतो. 2019 च्या दुरुस्तीने कलम 185 मधील नशेचाही समावेश या बचावांत केला.

मग ज्याचा काहीही दोष नाही त्या पादचाऱ्याचे काय? सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या स्वर्ण सिंग खटल्यात मार्ग घालून दिला. मालकाने जाणूनबुजून अट मोडली हे कंपनीने सिद्ध करायचे, आणि ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला सांगू शकते. कंपनीने ते नंतर मालकाकडून वसूल करायचे. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये मद्यधुंद चालकाच्या प्रकरणातही हेच तत्त्व लावले. त्यामुळे ‘विमा आहे, मग काळजी कशाला’ या समजुतीत राहणाऱ्या टेम्पोमालकाच्या घरादारावर लाखोंची वसुली येऊ शकते.

स्वतःच्या गाडीच्या किंवा जिवाच्या नुकसानीबाबत न्यायालये आणखी कडक आहेत. दिल्लीत इंडिया गेट परिसरात 2007 मध्ये झालेल्या एका पोर्श गाडीच्या अपघातात चालकाची श्वास किंवा रक्त चाचणी झालेली नव्हती. तरीही इतर पुराव्यांवरून तो नशेत असल्याचे मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये कंपनीची बाजू उचलून धरली. कर्नाटकातल्याच अर्सिकेरे परिसरातील 2014 च्या अपघाताचा निकाल जुलै 2025 मध्ये लागला. स्वतःच्या बेदरकार चालवण्याने जीव गमावलेल्या चालकाच्या वारसांना थर्ड पार्टी भरपाई मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्या चालकामागे राहिलेल्या कुटुंबाच्या हाती या दाव्यातून काहीही आले नाही.

दिल्लीसाठी आखलेला प्रयोग

विमा नियामक आयआरडीएआयला ही उणीव दिसली नव्हती असे नाही. सप्टेंबर 2019 मध्ये त्याने एक कार्यगट नेमला आणि जानेवारी 2021 मध्ये त्याच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. मोटार विम्यात ‘वाहतूक नियमभंग हप्ता’ असा नवा भाग जोडावा, चुकीच्या पार्किंगला 10 तर नशेत वाहन चालवण्याला 100 गुण लावावेत आणि गुणांनुसार हप्ता वाढवावा. सुरुवात राजधानी दिल्लीत करावी, अशी ती योजना होती. दुचाकीला 100 ते 750 रुपये आणि चारचाकीला 300 ते 1,500 रुपये असा हा वाढीव हप्ता सुचवला होता.

दिशा योग्य होती, पण ही योजना देशभर लागू झाली नाही. तिच्यात एक मूलभूत दोषही होता: गुण गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावे जमा होणार होते. बोम्मसंद्रातल्या एखाद्या वाहतूक कंत्राटदाराचा चालक नशेत पकडला गेला, तर वाढीव हप्ता कंत्राटदार भरणार आणि चालक दुसऱ्या दिवशी शेजारच्या कंत्राटदाराकडे कोरी पाटी घेऊन रुजू होणार. जोखीम माणसाबरोबर पुढे जाते, हप्ता मात्र जुन्या गाडीला चिकटून राहतो.

दरम्यान, आपण उलट संदेशही देत आहोत. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी 2023 मध्ये आणि पुन्हा 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये थकीत ई-चलनांवर 50 टक्के सवलत दिली. वसुली झाली, पण थांबून राहिले की दंड निम्मा होतो, हाही धडा लोकांनी घेतला. 2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. असा धडा देणे आपल्याला परवडणारे नाही.

चालकाच्या नावाने हमी

आपल्याला नवे चाक शोधायचे नाही. लायसन्सची माहिती ‘सारथी’मध्ये, गाड्यांची ‘वाहन’मध्ये, दंडाची ई-चलनमध्ये आहे. या नोंदी जोडल्या तर अपात्रतेची मुदत संपवून लायसन्स मागणाऱ्या चालकाकडे आरटीओला तीन गोष्टी मागता येतील: उजळणी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, विमा कंपनीने थेट पाठवलेले हमीपत्र आणि ते तीन वर्षे अखंड चालू राहील अशी अट. हे पत्र चालकाच्या नावाचे हवे, मग गाडी कोणाचीही असो. चंदापुरा किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीच्या आरटीओत सुरू झालेली ही नोंद तो चालक कोल्हापूरला गेला तरी त्याच्याबरोबर जायला हवी.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. पहिले, जास्त हप्त्यामुळे पीडिताचे संरक्षण कधीही खंडित होता कामा नये. गाडीचा थर्ड पार्टी विमा पूर्ववत चालूच राहावा, हमीपत्र त्याच्या वरचे असावे. दुसरे, गरीब चालकाची रोजीरोटी कायमची हिरावली जाऊ नये. नाकारलेल्या जोखमींसाठी कंपन्यांचा सामायिक निधी भारताने 2012 मध्ये व्यावसायिक वाहनांकरिता उभारला होता. तोच अनुभव इथे कामी येईल. तीन वर्षे स्वच्छ गेली की हप्ताही पूर्वपदावर यावा. चुकलेल्या माणसाला परतीची वाट असली पाहिजे, आणि त्या वाटेवर त्याच्यावर कोणाची तरी नजरही असली पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत वाचकाच्या हातात काही गोष्टी आहेत. चालक ठेवताना त्याचे लायसन्स परिवहन पोर्टलवर तपासा. अपात्रतेच्या काळात एक किलोमीटरही गाडी चालवू नका, कोणाला चालवू देऊ नका. पॉलिसी एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. विम्याच्या अर्जात मागचे अपघात किंवा शिक्षा विचारल्या असतील, तर खरे तेच लिहा. आणि दोन घोट घेतले असतील, तर गाडीची किल्ली घरी ठेवा. 10 ऑगस्ट 2025 रोजी उद्घाटन झालेली बेंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका आता आर. व्ही. रोडपासून थेट बोम्मसंद्रापर्यंत येते.