केळ्यांनी डेटा बिघडला का?

जेन गुडाल यांचं चिंपांझींवरचं काम तुम्ही वाचलं असेलच. ते जिथे झालं, ते गोम्बे राष्ट्रीय उद्यान टांझानियात, टांगानिका सरोवराच्या पूर्व काठावर आहे. किगोमाहून बोटीने जायचं. काठावर गोट्यांची चिंचोळी पट्टी, तिथे बबून फिरतात, आणि मागे लगेच उभा चढ. ओढ्यांच्या घळींत दाट झाडी, वर माथ्यावर गवत. अशा जागी चिंपांझीचा आवाज ऐकू येतो, तो दिसत नाही.

१९६० मध्ये गुडाल तिथे पोचल्या तेव्हा चिंपांझी जवळच येऊ देत नव्हते. पुढे छावणीत केळी ठेवायला सुरुवात झाली आणि डेटा भरभरून मिळायला लागला. पण गोची अशी, की एरवी फळं शोधत विखुरलेले प्राणी एका जागी गर्दी करायला लागले. बबूनही आले. केळी दिल्यावर भांडणं वाढतात, हे रिचर्ड रँगम यांनी १९७४ मध्ये दाखवलं.

त्याच वर्षी भलतंच सुरू झालं. मूळ समूहातून फुटलेल्या काहामा गटावर कासाकेला गटाचे नर हल्ले करायला लागले. १९७८ पर्यंत काहामाचे प्रौढ नर मारले गेले किंवा नाहीसे झाले. हा चिंपांझींचा स्वभाव, की केळ्यांचा प्रताप? मार्गारेट पॉवर यांनी १९९१ च्या पुस्तकात केळ्यांकडे बोट दाखवलं.

आता सांगा, हे तपासायचं कसं? केळी न दिलेलं दुसरं गोम्बे काही आपल्याकडे नाही. (सिनॉप्सिसमध्ये 'मर्यादा' हा भाग आपण शेवटच्या रात्री उरकतो ना, तो इथे आठवतो.)

मायकल विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणच्या १८ चिंपांझी समूहांच्या नोंदी एकत्र केल्या. १५२ हत्या, काही डोळ्यांदेखत पाहिलेल्या, काही पुराव्यावरून ठरवलेल्या, काही नुसत्या संशयित. माणसाच्या हस्तक्षेपाने फरक समजेना. नरांची संख्या आणि वस्तीची दाटी यांच्याशी मात्र संबंध दिसला. हा सहसंबंधच, प्रयोग नव्हे, हे विसरू नका.

म्हणजे गुडाल सुटल्या? तेवढं सोपं नाही. 'चिंपांझी एकमेकांना मारतात का' आणि 'ते दिवसातून किती वेळा भांडतात' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला २०१४ चं उत्तर बऱ्यापैकी पुरतं. दुसऱ्यासाठी छावणीतल्या त्या जुन्या नोंदी वापरणार असाल, तर तारखेशेजारी आणखी एक रकाना लागेल: त्या दिवशी केळी दिली होती का?